हाव म्हणायचं की होय

४ नोव्हेंबर १९४४, शनिवार. शेगाव

गुडघे. सकाळपासून गुडघेच.

शाळा सुटल्यावर स्टेशनवर गेले, मिशनचं चित्रांचं पार्सल आणायला. कोयरमधली कौसा बरोबर होती. कापसाची सरकी काढायच्या जिनातलं यंत्र आज बंद पडलं म्हणून बायकांना सुटी. पार्सल अर्थात आलं नव्हतं. बसलो बाकावर.

कलकत्त्याकडे जाणारी लष्करी गाडी पाणी घ्यायला थांबली. मागच्या दोन डब्यांत सगळे काळे शिपाई, अमेरिकेचे. गोऱ्यांचे डबे वेगळे, पुढे. हे लोक खाली उतरले, पाय मोकळे केले आणि चक्क गायला लागले. एक जण ओळ म्हणे, बाकीचे टाळीवर एकच शब्द परत देत, येस. पुन्हा ओळ, पुन्हा येस. प्रार्थनेचं गाणं, हे चालीवरूनच कळत होतं. आणि आमची कौसा, मेली, माझ्या शेजारी बसून प्रत्येक 'येस'ला 'हाव' म्हणायला लागली!

"काय समजलं गं तुला?"

"काई नाई. तो इचारून राह्यला, मी हाव म्हणून राह्यलो."

पुढे गाणारा शिपाई हसत आला. नाव जेम्स. माझं इंग्रजी मिशनच्या पुस्तकातलं, त्याचं भलतंच. निम्मं कळलं. मी सांगितलं, आमचीही कोयर आहे, उपासनेत गाणारी, अकरा जणांची, मी चालवते. त्यानं पिशवीतून कापडात गुंडाळलेली ग्रामोफोनची तबकडी काढली. त्याच्या शहरातल्या कोयरची. म्हणाला, मी जातो तिथे चिखल आहे, फुटेल. तुमच्याकडे वाजेल तरी. माझी बहीण गाते यात, असंही काहीसं म्हणाला.

शिट्टी झाली. गेला. नाव विचारलं, गाव विचारायचं राहिलं. वय झालं माझं.

५ नोव्हेंबर, रविवार

उपासना. कोयरनं दोन गीतं म्हटली, दोन्ही ओढून. आठवडाभर सरकी-रुईच्या धुळीत उभं राहिलेल्या बायका, छातीत दम कुठून आणायचा? नव्या पाळकांचं तोंड कडू. जूनमध्ये आले नगरकडून. तीस वर्षांचा पोरगा, कॉलर कडक, भाषा त्याहून कडक.

उपासनेनंतर, "सलोमीबाई, आपली कोयर थोडी... गावरान वाटते."

गावातच आहे ना बाबा ती. तोंडावर बोलले नाही. एकोणीस वर्षं झाली. आमचे हे वारले त्या वर्षी यांची पेटी माझ्याकडे आली, पेटीबरोबर कोयर. कधी वाटतं दोन्ही कोणाच्या तरी दारात ठेवून यावं आणि झोपावं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

शिपाई जे बोलला ते आठवेल तसं टिपून ठेवते, नाहीतर विसरेन.

त्याचे आजी-आजोबा दक्षिणेत कापूस वेचत. दुसऱ्याच्या शेतात. लहानपणी तोही. बाप रेल्वेनं उत्तरेला मोठ्या शहरात गेला, कारखान्यात लागला. शहरात यांच्याच लोकांची मोठमोठी विटांची चर्चं होती. तिथं सांगत, खेड्यातलं गाणं खेड्यात ठेवून या. टाळ्या नकोत. मग यांनी एक रिकामं दुकान भाड्यानं घेतलं. एका बाजूला खाटीक, एका बाजूला न्हावी. खुर्च्या मांडल्या आणि गायले. कारखान्यातून सुटले की थेट तिथं. आता तीच मोठी चर्चं त्यांना बोलावतात, झगे घालून साठ-साठ जण उभे राहतात.

मी विचारलं, टाळ्या नको कोण म्हणे, गोरे? त्यानं मान हलवली. "आमचेच, मॅडम."

हे वाक्य मात्र पूर्ण कळलं होतं.

आज सरावाला कौसाला सांगितलं, तेही कापूस वेचणारे. ती म्हणे, "मंग? मले तं तवाच समजलं. हात पाह्यले नाई तुमी त्याचे?" नव्हते पाहिले.

११ नोव्हेंबर, शनिवार

अख्ख्या ओळखीत ग्रामोफोन एकाकडे, रहीमभाई पिंजारी. गाद्या भरायचं दुकान. जिनाचा जुना मॅनेजर गाव सोडून गेला तेव्हा सामानात घेतलेला. सगळे गेलो. कापसाच्या ढिगांवर बसलो.

रहीमभाईंनी चावी भरली. तबकडी फिरली. आणि आवाज कसा निघावा! खोल, जड, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. एक म्हातारा ओळ म्हणतो, मागून सगळे येस. इतकं हळू की दोन येसमध्ये माणूस एक भाकर खाईल.

"कोन बाप्या हाय हा?" कौसा.

"म्हातारा असन," आमचा दानिएल म्हणाला. दानिएल लोहार, कोयरमधला सगळ्यात खालचा आवाज. "दमला हाय बिचारा."

म्हणजे बहीण-बिहीण मी चुकीचं ऐकलं. सिस्टर नसेल म्हणाला, दुसरंच काही असेल. माझं इंग्रजी असंच.

पण रडू आलं. इतके दमलेले लोक एका सुरात मी कधी ऐकले नव्हते. आम्ही अकरा जण तिथल्या तिथे त्यात बसलो. कोणी काही शिकवावं लागलं नाही. तीनदा ऐकलं आणि तोंडात आलं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

शब्द मीच केले. इंग्रजी मला पुरतं लागत नाही. नदी आहे आणि पलीकडे कोणीतरी आहे, एवढं लागलं. पूर्णा ओलांडायची असं धरलं. निम्मी कोयर पल्याडची, वरवट बकालकडली.

नदी लागली काय? हाव.
पानी थंड काय? हाव.
पाय भिजले काय? हाव.
पल्याड उभा हाय काय कोनी?
हाव बापा, हाव.

ओळ कौसा म्हणते. तिचा आवाज फुटका आहे, वर जाताना चिरतो. पण ती 'पानी थंड काय' विचारते तेव्हा खरंच उत्तर द्यावंसं वाटतं. नाताळला हेच म्हणायचं ठरवलं. बऱ्याच वर्षांनी मला नाताळची घाई झाली आहे. गुडघे तसेच.

२६ नोव्हेंबर, रविवार

दुष्काळात तेरावा महिना. उपासनेनंतर कोयर थांबली होती, नाताळचं गाणं पाळकांना ऐकवायला. ते डोळे मिटून ऐकत होते. चेहरा मऊ झालेला. मला वाटलं, जमलं. मग डोळे उघडले.

"चाल गंभीर आहे. छान आहे. पण सलोमीबाई, देवाच्या घरात तुम्ही 'हाव, हाव' काय करता?"

मला कळेचना.

"हाव म्हणजे लोभ. अधाशीपणा. दहाव्या आज्ञेत मना केलेलं. आणि तुम्ही देवालाच बापा म्हणून वर हाव, हाव?"

कौसानं मला कोपर मारलं. "काय म्हनून राह्यले वं ते?"

"म्हणतात हाव म्हणू नका."

"काऊन? नाई म्हनू काय मंग देवाले?"

मागे दानिएल फिसकन हसला. पाळकांचे कान लाल झाले. बिचारे. मीही हसले असते, पण माझी शाळा मिशनची, खोली मिशनची, आणि पाळकांची सही लागते दर वर्षाच्या शेवटी. हसू गिळलं.

३० नोव्हेंबर, गुरुवार

पाळकांकडे जाऊन आले. एकटेच राहतात. खोकला. टेबलावर अर्धी भाकर वाळलेली. म्हटलं, आमच्याकडे 'हाव' म्हणजे 'होय', दुसरं काही नाही. त्यांना ते माहीत आहे. चांगलं माहीत आहे.

"प्रश्न शब्दाचा नाही, बाई."

भाकर बाजूला सारली. मग म्हणाले, "माझे वडील हलगी वाजवायचे. दुसऱ्यांच्या लग्नांत. मांडवाबाहेर उभं राहून. मांडवाबाहेरच जेवायचे. मी आठ वर्षांचा असताना त्यांच्या बोटांना चिरा बघितल्या. मी शाळेत गेलो, कॉलर घातली. मला ते परत नको. लोक आपल्याला माणसांत धरायला लागलेत आत्ता कुठे. टाळ्या, ओरडा, गावठी बोली... पुन्हा म्हणतील, बघा, मूळ वळणावर गेले."

पोरगा खोटं बोलत नव्हता. मलाही माहीत आहे मांडवाबाहेर म्हणजे काय. भाकर ताजी करून देते म्हटलं, नको म्हणाले.

ठरलं ते असं. गाणं म्हणायचं. चाल हीच, हळू. टाळ्या नाहीत. हावच्या जागी होय. नाही पाळलं तर ते मिशनच्या मोठ्या साहेबांना लिहितील, आणि साहेब माझं काय करतील ते मला माहीत आहे. पाळकांनी ते नीट, सभ्यपणे सांगितलं.

७ डिसेंबर, गुरुवार

'होय' बसत नाही!

तोंड उघडून 'हाव' निघतो, छातीतून. 'होय' दातांशी येऊन अडकतो. शेवटी ते 'य' असं मरतं की सगळी कोयर जांभई देते आहे वाटतं. चार वेळा घेतलं. पाचव्यांदा दानिएल भान विसरून 'हाव' म्हणाला आणि बाकी दहा त्याच्या मागे. मी ओरडले. कौसा ओरडली माझ्यावर.

"दिवसभर मुकादमाचं आयका, संध्याकाळी तुमचं. पाळकाले म्हना एक दिवस जिनात उभं राहून होय म्हनून दाखव."

"माझी नोकरी आहे गं, कौसा."

मग ती म्हणाली, "बरं. होय तं होय." ते बोलली त्याचाच जास्त त्रास झाला. घरी येऊन नुसती बसले.

१७ डिसेंबर, रविवार

नाताळ आठ दिवसांवर. होय बऱ्यापैकी बसला. मेल्यासारखा बसला, पण बसला. पाळक म्हणाले, "पाहा, सुधारणा होतेच." त्यांचा खोकला वाढलाय.

१९ डिसेंबर, मंगळवार

हे कसं लिहू!

शाळेत असतानाच रहीमभाईंचा निरोप, सुटल्यावर या, कौसालाही आणा. गेलो. ते अकोल्याला गेले होते, तिथून ग्रामोफोनची नवी स्प्रिंग आणली. म्हणाले, "बाई, मशीन बिमार था. जुनी स्प्रिंग ढिली होती, तबकडी निम्म्याच वेगानं फिरत होती, म्हणून आवाज जाड. आता ऐका."

तबकडी लावली.

म्हातारा नव्हताच. पोरगी! विशीतली असेल, आवाज असा की छप्पर उडावं. मागे साठ लोकांच्या टाळ्या. पेटी धावते आहे, खंजिरी धावते आहे, येस, येस, येस, श्वास घ्यायला जागा नाही. तेच गाणं. तीच नदी. ते लोक नाचून राहिले होते.

कौसानं तोंडावर हात मारला. "माय वो! हे तं पोट्टी हाय! आन् आपन इतके दिवस मयतीले बसल्यावानी गाऊन राह्यलो!"

हसता हसता ती खाली बसली कापसावर. मग हसणं थांबलं. मी उभीच.

बहीण. तो बहीणच म्हणाला होता. मी बरोबर ऐकलं होतं.

दमलेलं गाणं त्यांचं नव्हतंच. यंत्र दमलेलं होतं, आणि आम्ही. सव्वा महिना मी माझा थकवा त्या पोरीच्या गळ्यात घातला आणि वर रडले.

२१ डिसेंबर, गुरुवार

सरावाला भांडण. तरण्या पोरी म्हणतात, जसं हाय तसंच म्हणू, धावतं, टाळ्या वाजवून. दानिएल म्हणतो हळूच बरं, आपलं तेच. मी म्हटलं, पाळकांना शब्द दिलाय. हळू, होय, हात खाली. बस.

कौसा उठून पदर झटकायला लागली. ती भांडत नाही तेव्हा मला भीती वाटते.

२५ डिसेंबर, सोमवार. नाताळ

ख्रिस्तदेऊळ भरलेलं. वरवट बकालहून तीन गाड्या आल्या, पूर्णेत पाणी कमी, बैल सहज उतरले म्हणे. बायका-पोरं मागे सतरंजीवर, दारापर्यंत. रहीमभाई बाहेर खिडकीशी उभे. पाळक पुढे खुर्चीत, मांडीवर बायबल.

उभे राहिलो. मी पेटीवर सूर दिला. कौसानं विचारलं, नदी लागली काय? आम्ही म्हटलं, होय. पानी थंड काय? होय. सगळं ठरल्याप्रमाणे. हात खाली.

पाय भिजले काय?

आणि मागून, सतरंजीवरून, वरवटच्या कोण्या म्हातारीनं खणखणीत उत्तर दिलं, "हाव!"

तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिला विचारलं, तिनं सांगितलं. दोन पोरं हसली. कौसानं माझ्याकडे बघितलं. मी... मी मान हलवली का? मला खरंच आठवत नाही. हलवली असेल. कौसानं तीच ओळ पुन्हा विचारली, मागच्यांना. सगळी सतरंजी, हाव! पुन्हा. हाव! टाळी कोणी आधी वाजवली माहीत नाही. चाल पळायला लागली आणि माझी बोटं पेटीवर तिच्यामागे. एकोणीस वर्षांत यांची पेटी मी अशी वाजवली नव्हती. 'पल्याड उभा हाय काय कोनी' म्हणताना कौसाचा आवाज चिरला, आणि त्या चिरेतून सगळे वर गेले. अख्खं देऊळ. मला गुडघे आठवले नाहीत.

एक गोष्ट लिहिते, कोणाला सांगणार नाही. मध्ये एकदा मी पाळकांकडे बघितलं. ते खाली मान घालून बसले होते. आणि उजव्या हाताची दोन बोटं बायबलच्या पुठ्ठ्यावर पडत होती. चुकत नव्हती. मधलीच एक आडवी थाप घेत होती, आमच्यापैकी कोणाला ती येत नाही.

मग त्यांनाही आपली बोटं दिसली. त्यांनी दुसऱ्या हातानं ती बोटं दाबून धरली.

गाणं संपलं. त्यांनी प्रार्थना केली, छोटी. दारात मला म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता, बाई."

"दिला होता."

"मला लिहावं लागेल."

२८ डिसेंबर, गुरुवार

सरावाला गेलो तर देवळाला कुलूप. किल्ली पाळकांकडे, पाळक "प्रकृती बरी नाही" म्हणून आत. अकरा जण व्हरांड्यात. दिवसभर उभ्या राहिलेल्या बायका, पुन्हा उभ्या. मी म्हटलं, घरी जा गं.

रहीमभाई रस्त्यानं चालले होते. "दुकान उघडं आहे, बाई. कापसावर बसा, गा. मला काय, गाद्या ऐकतील."

जेम्सनं सांगितलेला खाटीक इथं नाही, न्हावी नाही. एका बाजूला पत्र्याचे डबे करणारा, दुसऱ्या बाजूला भिंत. हसू आलं मला. कौसा विचारते काय झालं. सांगत बसले नाही, दमले होते.

४ जानेवारी १९४५, गुरुवार

दुकानातच. नऊ जण आले. दोघींना नवऱ्यांनी सोडलं नाही, मिशनमध्ये नाव खराब होईल म्हणून. पाळकांना भाकर पाठवली. या वेळी ठेवून घेतली.

शाळेत मुली विचारतात, "बाई, तुमी चाल्ल्या काय?" कोणी सांगितलं यांना? मी पुस्तकं आवरली, परत लावली. ही खोली सोडून जायचं कुठे, भावाकडे? भावजय चांगली आहे. चांगल्या माणसांकडे आश्रित राहणं अवघड.

त्या जेम्सचं काय झालं असेल? गाव विचारलं असतं तर त्याच्या बहिणीला चार ओळी लिहिल्या असत्या. बाई, तुमचं गाणं आमच्याकडे दमून पोचलं. आम्ही त्याला बसवलं, पाणी दिलं. आता बरं आहे.

११ जानेवारी, गुरुवार

दुपारी पत्र आलं. मिशनचा शिक्का. साहेबांचं अक्षर.

दोन वेळा हातात घेतलं. फोडलं नाही. फोडलं की जे असेल ते होईल, आणि आज गुरुवार, सरावाचा दिवस. या वहीत ठेवलं आहे, या पानाच्या मागे.

संध्याकाळी दुकान. अकराच्या अकरा! त्या दोघीही. नवऱ्यांना काय सांगितलं देव जाणे. बायकांच्या केसांत रुई, पापण्यांवर रुई, सगळ्या एकदम म्हाताऱ्या दिसतात. कौसाला पत्राचं कळलं होतं, पोस्टमननं सांगितलं असणार.

"बाई, काय लिवलं त्यात?"

"वाचलं नाही."

"काऊन?"

"उद्या वाचीन."

तिनं पदर खोचला. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "चला बाप्पा, उभे राहा."

मी पेटी उघडली. विचारलं, कोणती चाल घेऊ, म्हाताऱ्याची का पोरीची? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"हळूच धरा," कौसा म्हणाली. "आता तं जिनातून आलो, पाय उचलत नाई. हळू सुरू करू. पुढं पाहू काय होते ते."

रस्त्यावर खोकल्याचा आवाज आला. तो खोकला मला ओळखू येतो. दारासमोर आला आणि तिथेच थांबला. पुढेही गेला नाही, आतही आला नाही. दार उघडं होतं. कोणी लावलं नाही.

मी सूर दिला. कौसानं दाराकडे तोंड केलं आणि विचारलं, नदी लागली काय.